सोलापूरच्या पूर्व भागातली शुगर तपासणी : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मे २०२५

५ जानेवारी, रविवार

आज डॉक्टर मॅडमबरोबर बसून कामाची आखणी पक्की केली. आमचा दवाखाना छोटा आणि लॅब त्याहून छोटी: रक्त तपासणारा एक सेमी-ऑटो अ‍ॅनालायझर, एक सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र), एक फ्रिज आणि टेक्निशियन म्हणून मी एकटी. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या बायका आणि अशोक चौक, साखर पेठ या बाजूचे यंत्रमाग कामगार, वय तिशीच्या पुढं, यांची शुगर तपासायची. आशाताईंनी सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका कुणाला जास्त ते चाळायचा) भरून ठेवलेत. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल, घरात कुणाला शुगर-बीपी, या सगळ्याचे गुण धरतात. चारच्या वर ज्यांचे गुण गेले त्यांना आधी बोलवायचं.

मधुमेह कधी म्हणायचा, त्याचे आकडे मॅडमनी फळ्यावर लिहिले. आठ तास उपाशी राहून १२६ किंवा वर. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा वर. एचबीए१सी, म्हणजे लोक जिला ‘तीन महिन्यांची’ म्हणतात ती, ६.५ टक्के किंवा वर. आणि तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं अशी उघड लक्षणं असतील तर कधीही घेतलेल्या रक्तात २०० किंवा वर. त्याखाली दोन रेघा मारून लिहिलं: लक्षणं नसतील तर एका आकड्यावर कुणालाही मधुमेह म्हणायचा नाही, दुसरा पुरावा हवाच.

हे शेवटचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवलंय. माझे वडील मागावर होते तेव्हा रस्त्याकडेच्या एका शिबिरात बोटाला सुई टोचून ‘२१४, तुम्हाला शुगर आहे’ असं सांगून त्यांना वाटेला लावलं. दुसरी तपासणी करा असं कुणी म्हटलं नाही. त्यांनी शेजाऱ्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि चौथ्या दिवशी घामाघूम होऊन मागाशेजारीच कोसळले. साखर उतरली होती. नंतर शिरेतून दोनदा रक्त तपासलं, दोन्ही वेळा चोख निघालं. मी या धंद्यात आले ते त्यामुळंच.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमध्ये ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि १५.३ टक्के काठावरचे निघाले. म्हणजे माणसं सापडणार, याबद्दल शंका नाही. सापडलेला आकडा खरा असला पाहिजे, तेवढं माझ्या हातात आहे.

१५ जानेवारी, बुधवार

ग्लुकोमीटरची रंगीत तालीम केली. सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरलाय, गावात गर्दी, आणि काल संक्रांत झालेली. शेजारच्या दुकानातले मामा हौसेनं आले, आल्या आल्या सगळ्यांना तिळगूळ वाटला आणि मग बोट पुढं केलं. मी स्पिरिटचा बोळा फिरवून सुई टोचली. २६८. मामांचा चेहराच उतरला. त्यांना ना तहान, ना काही त्रास.

मी त्यांना नळावर नेलं, साबणानं हात धुवायला लावले, कोरड्या फडक्यानं पुसले, दुसऱ्या बोटाला सुई, डबी तीच, स्ट्रिप नवी. १३१. गुळात थोडं मोकळं ग्लुकोज असतंच, आणि स्ट्रिपला लागतो रक्ताचा टिपूस एवढासा. बोटावर दिसतसुद्धा नाही इतका गूळ पुरतो. एकदा बोळा फिरवून तो निघत नाही. स्पिरिट ओलं असताना टोचलं तर आणखी वेगळा घोळ.

म्हणून ठरलं: शिबिराला पाण्याचा कॅन, साबण आणि धुतलेली फडकी आपण न्यायची. घरकुलात पाणी रोज येत नाही, त्यांच्या साठवणीतलं पाणी हात धुवायला मागायचं नाही.

सुई कुठं टोचायची यावर आशाताईंशी बराच वेळ बोलले. बोटाच्या टोकावर नाही, कडेला, तिथं दुखतं कमी. आणि अंगठा व तर्जनी ही विडी वळणाऱ्या बाईची पोट भरणारी बोटं, त्यांना हात लावायचा नाही. अनामिकेच्या कडेला टोचायचं आणि बोट पिळायचं नाही, पिळलं की रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं. हात खाली सोडून जरा चोळला की थेंब आपण होऊन येतो.

बोटावरची तपासणी फक्त चाळणी आहे. चाळणीत अडकेल त्याचं रक्त शिरेतूनच घ्यायचं.

१९ जानेवारी, रविवार

विडी घरकुल, अंगणवाडीच्या खोलीत पहिलं शिबिर झालं. एकूण ३४ जणांचं उपाशीपोटी रक्त घेतलं, बहुतेक बायका.

सगळा गोंधळ ‘उपाशीपोटी’ या एका शब्दापाशी झाला. ‘काही खाल्लंय का?’ विचारलं की ‘काही नाही’. पाचवी बाई उठता उठता म्हणाली, नुसता चहा घेतलाय, दोन बटर त्यात बुडवून. तिच्या दृष्टीनं ते खाणं नव्हतंच, पोटाला आधार होता. तेलुगू बोलणाऱ्या बायकांना आशाताई ‘परगडुपु’ म्हणून सांगत होत्या, तरी तेच. अकराव्या बाईपासून आम्ही प्रश्न बदलला: ‘उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?’ मग खरं बाहेर येऊ लागलं. चहा, मिश्री, लेकराच्या ताटातला उरलेला घास, देवाचा प्रसाद. नऊ जणींना परत बोलवावं लागलं.

बारा वाजता लॅबमध्ये पोचले. अजून नळ्या मशिनवर लावायच्या आहेत, थकवा आलाय.

२० जानेवारी, सोमवार

काल माझ्या हातून मोठी चूक झाली. ती जशीच्या तशी लिहून ठेवते.

शुगरसाठी करड्या टोपणाची नळी वापरतात, तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. मी वीसच मोजून नेल्या होत्या. उरलेल्या चौदा जणांचं रक्त लाल टोपणाच्या साध्या नळीत घेतलं, ‘लगेच तर जायचंय’ म्हणून. गाडी उशिरा आली. सव्वासातला घेतलेलं रक्त बाराला लॅबमध्ये आलं आणि तोवर नळीत तसंच पडून होतं.

शिरेतून बाहेर आलं म्हणून रक्त मरत नाही. पेशी जिवंत असतात आणि भोवतालची साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या उष्णतेत, तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर कमी होत जाते. पुस्तकात हे मी विद्यार्थी असताना पाठ केलं होतं. काल संध्याकाळी निकाल बघताना आठवलं. साध्या नळ्यांचे आकडे करड्या नळ्यांपेक्षा सरसकट खाली होते. त्यातल्या एका मावशींची ११९ आली. ११९ म्हणजे काठावर, काळजी घ्या आणि वर्षानं या. पण पावणेपाच तासांत किती उतरली असेल याचा हिशेब केला तर खरा आकडा १४०च्या पुढंही असू शकतो. त्या मावशींना मी ‘तुम्हाला नाही’ असं सांगून घरी पाठवणार होते.

आज सकाळी खात्री करून घेतली. माझंच रक्त काढलं, चार नळ्यांत वाटलं. एक लगेच फिरवून वेगळी केली: ९६. साधी नळी तीन तास टेबलावर: ७९. करडी नळी तीन तास टेबलावर: ९१. करडी नळी बर्फाच्या पाण्यात तीन तास: ९५.

करड्या नळीतही थोडी उतरलीच, आणि हे मलाही नीट समजून घ्यावं लागलं. साखर फोडणारी जी साखळी पेशीत चालते तिच्यातली शेवटाकडची एक कडी फ्लोराइड अडवतं. वरच्या कड्या तासाभरापर्यंत साखर ओढतच राहतात. त्यामुळं करडी नळी म्हणजे कुलूप नव्हे, वेग मंदावणारी गोष्ट आहे. बर्फ हवा, आणि पेशी लवकरात लवकर वेगळ्या करायला हव्यात.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, ‘चौदाचे चौदा परत. एकही रिपोर्ट जाता कामा नये.’ पुढच्या वेळेपासून सेंट्रिफ्यूजच उचलून अंगणवाडीत न्यायचं.

२ फेब्रुवारी, रविवार

चौदा जणांना परत बोलावलं, बारा आले. एक बाई तेलंगणात गावी गेलीय, लग्नसराई आहे. दुसरीनं साफ नकार दिला: ‘एकदा दिलं ना रक्त. किती काढता?’

तिच्या घरी गेले. दारात सुपात तेंदूपानं, शेजारी तंबाखूचा डबा, हात थांबत नव्हते. तिच्यामागं दिवसाच्या हजार विड्या. कोपऱ्यात सासू बसलेली, तिनंच विचारलं, काढलेल्या रक्ताचं तुम्ही करता काय? विकता का? मी पर्समधली रिकामी नळी दाखवली. दोन मिली. चहाच्या चमच्याचा निम्मासुद्धा नाही. आणि खरं ते सांगितलं: मागच्या वेळी चूक आमची झाली, तुमच्या रक्ताची नीट निगा राहिली नाही, म्हणून परत मागायला आलेय. सून बराच वेळ काही बोलली नाही. मग हात झटकले, बाही वर केली. शिबिराला न आलेल्या या बाईचं रक्त मी तिच्याच ओट्यावर घेतलं, रिक्षानं दहा मिनिटांत अंगणवाडी, थेट सेंट्रिफ्यूजमध्ये. १०१.

११९ वाल्या मावशी आज १४३. त्याच वेळी जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेली तीन महिन्यांची ६.९ आली. दोन वेगवेगळ्या तपासण्या रेषेच्या वर, म्हणजे निदान पक्कं. मॅडमनी त्यांना पाऊण तास दिला. लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन (दोन्ही मूत्रपिंडासाठी) आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी लगेच सांगितली. हा आजार सापडतो तेव्हा बऱ्याचदा आधीच काही वर्षं शरीरात मुरलेला असतो.

९ फेब्रुवारी, रविवार

यंत्रमाग कामगारांची पाळी. सकाळी सातला रात्रपाळी सुटली की तसेच इकडं, असं ठरवलं होतं. ठरवतानाच चुकलं होतं. रात्रपाळीचा माणूस दोन वाजता डबा खातो. सातला त्याचे पाचच तास झालेले असतात. त्यांचा ‘उपाशीपोटी’ आकडा आपल्या कोष्टकात बसत नाही. आता त्यांच्यासाठी वेगळी वेळ: सुट्टीच्या दिवशी सकाळी, किंवा मग सरळ तीन महिन्यांची, तिला उपाशी राहावं लागत नाही.

एक दादा, वय ४४, मागावर उभं राहून पंचवीस वर्षं. बोटावर ३१२, हात धुऊन. रात्री चारदा लघवीला उठतो, वर्षात आठ किलो उतरलाय, त्याला वाटत होतं कामाच्या ताणानं. लक्षणं इतकी उघड असताना दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते. शिरेतून रक्त घेतलं, २९६, लघवीत कीटोन (साखर फार बिघडल्याची धोक्याची खूण) नाहीत, मॅडमनी आजच औषध सुरू केलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दादांची तीन महिन्यांची आली: १०.४. रिपोर्ट हातात घेऊन ते खुलले. ‘तीनशेवरून दहावर आली की!’

ही समजूत मी आतापर्यंत किती जणांत पाहिली असेल. आम्ही दोन वेगळी मापं एकाच कागदावर छापतो आणि समजून घ्यायचं ओझं त्यांच्यावर टाकतो. मी त्यांना विचारलं, तुम्ही रंगखात्यात काम केलंय का? केलं होतं, चार वर्षं. मग सोपं झालं. म्हटलं, सूत रंगाच्या हौदात टाकलं की रंग किती चढतो ते दोन गोष्टींवर, रंग किती कडक आणि सूत किती वेळ आत. रक्तातला लाल पदार्थ म्हणजे सूत, साखर म्हणजे रंग. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस साखरेच्या हौदात फिरते. तुमच्या शंभर धाग्यांतल्या दहांहून जास्त धाग्यांवर साखर चढलीय. निरोगी माणसात साडेपाचच्या आसपास. बोटावरचा आकडा म्हणजे आत्ता हौदात रंग किती आहे, आणि हा आकडा म्हणजे सुतावर किती चढला.

दादा म्हणाले, ‘म्हणजे आज हौद रिकामा केला तरी सूत लगेच पांढरं नाही व्हायचं.’ इतकं नेमकं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. चढलेली साखर उतरत नाही, जुन्या पेशी जाऊन नव्या याव्या लागतात. म्हणून ही तपासणी तीन महिन्यांनी करायची, महिन्याला करून पैसे घालवायचे नाहीत. शेवटच्या महिन्याचा वाटा मात्र त्यात निम्म्याच्या घरात असतो, हेही सांगून ठेवलं.

रिपोर्टवर आता सरासरी साखरही लिहायची ठरवली. हिशेब ठरलेला आहे: टक्केवारीला २८.७ नं गुणायचं, ४६.७ वजा करायचे. ७ ची १५४, ८ ची १८३. दादांची १०.४ म्हणजे सरासरी २५२. हा आकडा त्यांना लगेच समजला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद मुद्दाम सविस्तर लिहिते.

घरकुलातल्या एक अक्का, वय ३८. तीन महिन्यांची ६.७. नुसतं कोष्टक पाहिलं तर मधुमेह. पण उपाशीपोटी ९८, जेवणानंतर दोन तासांनी १३२. दोन्ही चांगल्या. आकडे एकमेकांशी भांडत होते.

रक्त घेताना मला त्यांच्या पापणीच्या आतला पांढुरका रंग दिसला होता, नखंही चपटी आणि फिकी. हिमोग्लोबिन लावलं: ८.१. विचारल्यावर कळलं, दोन वर्षं पाळीत खूप जातं.

लोह कमी पडलं की एचबीए१सी खोटी चढू शकते, साखर वाढलेली नसतानाही. दादांच्या भाषेत, नवं सूत कमी येतं आणि जुनंच हौदात जास्त दिवस राहतं. उलटही होतं: पेशी लवकर फुटणाऱ्या आजारात, रक्त चढवल्यावर किंवा नुकताच रक्तस्राव झाल्यावर हाच आकडा खोटा उतरतो, आणि ते जास्त धोक्याचं, कारण खऱ्या मधुमेहीला आपण ‘छान’ म्हणून बसतो. हिमोग्लोबिनची घडणच जन्मतः वेगळी असेल तरीही काही पद्धतींत गडबड होते. म्हणून आम्ही या नळ्या एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं यंत्र) असलेल्या मोठ्या लॅबला पाठवतो, तिथं आलेखावर वेगळं हिमोग्लोबिन असल्यास बहुतेक वेळा दिसून येतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली एचबीए१सी निदानासाठी मान्य केली तेव्हाच या अटी घातल्या होत्या. आमच्या भागात विडी वळणाऱ्या बायकांमध्ये पंडुरोग घरोघरी आहे. इथं नुसत्या तीन महिन्यांच्या आकड्यावर निदान करणं मला पटत नाही. मॅडमचंही तेच म्हणणं. आजपासून नियम: एचबीए१सीच्या प्रत्येक नळीबरोबर हिमोग्लोबिन लावायचंच, आणि १० च्या खाली असेल तर निदान उपाशीपोटीच्या आणि ग्लुकोज पाजून घेतलेल्या शुगरवर.

अक्कांना मधुमेहाची गोळी नाही. लोहाच्या गोळ्या, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडं चिठ्ठी. जाताना त्या दारात थांबल्या. शेजारणीनं आधीच सांगितलं होतं, तुला शुगर निघणार, भात बंद. त्यांनी आठ दिवस भात सोडला होता आणि तेवढ्यानंच चक्कर येत होती.

५ मार्च, बुधवार

रमजान सुरू झालाय. विजापूर वेशीकडून येणारे आमचे तीन पेशंट रोजे धरतात. एक चाचा गोळ्या चालू असूनही घरच्या मीटरवर तपासत नव्हते, सुई टोचली तर रोजा तुटेल म्हणून. मॅडमनी त्यांना त्यांच्याच मशिदीतल्या मौलानांकडं पाठवलं. मौलाना म्हणाले, तपासणीच्या सुईनं तुटत नाही. आम्ही शंभर वेळा सांगून जे झालं नसतं ते त्यांच्या एका शब्दानं झालं.

वेळा लिहून दिल्या: सहरीआधी, दुपारी, इफ्तारच्या आधी, इफ्तारनंतर दोन तासांनी. ७०च्या खाली किंवा ३००च्या वर आली तर रोजा तिथंच सोडायचा. खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. औषधांच्या वेळा मॅडमनी बदलून दिल्या.

१९ मार्च, बुधवार

कंट्रोल सलग दोन दिवस वरच्या रेषेबाहेर. ज्याची शुगर आधीच ठाऊक आहे असं बाटलीतलं सिरम रोज सकाळी पेशंटच्या आधी मशिनवर लावतो ते हे. रिपोर्ट थांबवले. रिएजंटची, म्हणजे शुगर मोजायच्या द्रावणाची, बाटली उजेडात धरली तर हलकी गुलाबी झालेली, ती पाण्यासारखी स्वच्छ हवी. दुपारी वीज गेली तेव्हा फ्रिज बराच वेळ बंद राहिला असणार. नवी बाटली, नवं कॅलिब्रेशन, दोन्ही कंट्रोल जागेवर. सहा सॅम्पल परत लावले. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाच्या बाह्य गुणवत्ता योजनेचं (आमचे आकडे बरोबर येतात का ते बाहेरून तपासणारी) या महिन्याचं सॅम्पलही उरकलं.

६ एप्रिल, रविवार

पारा चाळिशीपार. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये मीटरनं आकडाच दिला नाही, तापमानाचं चिन्ह दाखवून बंद पडला. बरंच झालं, चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा. एका पोरानं स्ट्रिपची डबी मोटरसायकलच्या डिकीत ठेवली होती, पूर्ण डबी बाद केली. जीव हळहळला, पण तीस अंशांच्या वर ठेवलेल्या स्ट्रिपवर माझा विश्वास नाही. स्ट्रिप फ्रिजमध्येही नको, दमट होतात. घरात माठाजवळ नाही, देवघरासारख्या कोरड्या, सावलीतल्या जागी, झाकण घट्ट लावून.

उन्हाळ्यात रक्तातली साखरही नळीत जास्त वेगानं उतरणार. बर्फाच्या कारखान्यातून पहाटे लादी, बादलीत फोडून पाणी घालायचं, नळ्या त्यात उभ्या. नुसत्या बर्फाच्या खड्यांत नळी नीट गार होत नाही, पाणी हवंच.

२३ एप्रिल, बुधवार

अक्कलकोट तालुक्यातली एक गरोदर मुलगी, पाचवा महिना, कन्नड बोलणारी, सासूबरोबर आलेली. गरोदरपणाची तपासणी वेगळी: उपाशी असण्याची अट नाही, ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, दोन तासांनी शिरेतून रक्त, १४० किंवा वर असेल तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या अर्ध्या तासात उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत. हिला विसाव्या मिनिटाला झाली. सासूबाई म्हणाल्या, ‘राहू दे की, मग काय बघायचं.’ मॅडमनी त्यांना समजावलं आणि लिंबू पिळून ग्लुकोज हळूहळू पाजायचं ठरलं. उद्या येतील.

२४ एप्रिल, गुरुवार

आल्या. १२८.

४ मे, रविवार

फेरतपासणीचा दिवस.

अक्का: हिमोग्लोबिन ८.१ वरून १०.९. तीन महिन्यांची ६.७ वरून ५.९. साखरेचं एकही औषध न घेता. उपाशीपोटी ९६. म्हणजे ५.७ ते ६.४ हा काठ आहेच, आणि हिमोग्लोबिन अजून पुरतं भरलेलं नाही, त्यामुळं लक्ष ठेवायचं, वर्षातून एकदा तपासायचं. भात पूर्ववत, वाटी मोजून. शेजारणीला घेऊन आल्या होत्या. मी त्या दोघींसमोर जुना आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवला आणि एकेक ओळ वाचून दाखवली.

दादा: १०.४ वरून ८.१. सरासरी १८६. त्यांची अपेक्षा जास्त होती, कारण उपाशीपोटीची आता १२०च्या आसपास असते. त्यांनी वही काढली. महिनाभर रोज सकाळी एकच तपासणी, एकाखाली एक, सुबक अक्षरात. सकाळचा हौद पाहिला होता, बाकीचा दिवस जवळजवळ पाहिलाच नव्हता. स्ट्रिप महाग पडते, रोज चार वेळा टोचायला त्यांना परवडणार नाही, आणि तशी गरजही नाही. मी सांगितलं, आठवड्यात दोनच दिवस तपासा, पण जोडीनं: जेवणाच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. शेजारी काय खाल्लं ते लिहा.

मागच्या पंधरवड्यात त्यांनी दोन जोड्या घेऊन पाहिल्या होत्या, माझ्या सांगण्याआधीच, मुलगी शाळेतून ऐकून आल्यावर. रात्री भात-आमटी: आधी ११८, नंतर २४६. दुसऱ्या रात्री ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगा चटणी: आधी १२१, नंतर १७८. पानावर दुसऱ्या आकड्याभोवती मुलीनं पेन्सिलीनं गोल काढलाय. मॅडम ते पान बराच वेळ बघत होत्या. मग औषध बदलण्याआधी रात्रीचा भात निम्मा करून पाहू म्हणाल्या, आणि जेवणानंतर चौकापर्यंत फेरी. ऑगस्टमध्ये परत तीन महिन्यांची.

मावशींचं (१४३ वाल्या) लघवीतलं अल्ब्युमिन चांगलं, डोळ्याचा पडदा स्वच्छ. वेळेत सापडल्या.

११ मे, रविवार

गावी गेलेली बाई परत आली. लग्न, मग बाळंतपण, मग सासऱ्यांचं आजारपण, तीन महिने गेले. आशाताईंनी तिला काल रस्त्यात गाठून आज सहालाच आणलं. उठल्यापासून तोंडात काय काय गेलं, विचारलं. दोन घोट पाणी. करडी नळी, बर्फाचं पाणी, सहा पाचला रक्त, सहा वीसला सेंट्रिफ्यूज. ९४. जानेवारीत साध्या नळीत तिची ७३ आली होती.

चौदा पूर्ण. जानेवारीच्या रजिस्टरमधली ती पानं लाल रेघेनं रद्द करून बाजूला फेरतपासणीच्या तारखा घातल्या, मॅडमची सही घेतली. पुढचं शिबिर १ जूनला, करड्या नळ्या साठ.